मदिनाभाभी, घूस आणि माझी भिंत

माझी भिंत पडली ती घुशीनं पाडली, हे पहिल्यांदा सांगून टाकतो. नाहीतर लोक उगाच गवंड्याला नावं ठेवतात. एसटीतली कंडक्टरकी संपवून घरी बसलो आणि पहिलं काम काय केलं असेल, तर माझ्या आणि शेजारच्या मदिनाभाभींच्या परसांच्या मध्ये कमरेएवढी पक्की भिंत घातली. वीट मी निवडली, गिलाव्यावर पाणी मी मारलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून बोलावून दाखवली. आणि आषाढात एका सकाळी त्या भिंतीचा मधला भाग भाभींच्या अळूवर आडवा झाला. खालचा पाया असा पोखरला होता की आत माझा खांद्यापर्यंत हात गेला.

घूस ज्यांनी पाहिली नाही ते सुखी. आहे उंदराच्याच कुळातली, पण अंगानं दांडगी. मांजरसुद्धा तिला बघून दुसरं काहीतरी काम आठवल्यासारखं करतं. आमची गल्ली राजारामपुरीच्या पलीकडं, ओढ्याच्या अंगाला. माती मऊ. त्यामुळं घुशींना आमच्याकडं येणं म्हणजे माहेरी येणं.

मी भिंत पुन्हा बांधून घेतली आणि तडक भाभींच्या परसात जाऊन उभा राहिलो.

"भाभी, आता हे सगळं उकरून सिमेंटचा कोबा करून टाका. माती राहिली न्हाय की घूस राहत न्हाय. माझा गवंडी हाय, सांगतो त्याला."

भाभींचं परस म्हणजे काही मोठी बाग नव्हे. भुईमुगाच्या चार सरी, रताळ्याचा वेल, अळू, मोगरा, कुंपणाला मेंदी. आणि मधोमध पेरूचं जुनं झाड. ते त्यांच्या मालकांनी, ख्वाजाभाईंनी लावलेलं. ख्वाजाभाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण भाभींची सकाळ अजून त्या झाडाखालीच सुरू होते. चहाचा कप घेऊन त्या तिथं पालथ्या बादलीवर बसतात आणि कुणी मध्ये बोललेलं त्यांना खपत नाही. कोबा करायचा म्हणजे पेरू तोडायचा, हे तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना कळत होतं.

त्यांचा मुलगा तौसीफ शिरोलीला एका मशीन शॉपमध्ये फिटर आहे. गुणी पोरगा, आणि त्या दिवशी तर माझ्या बाजूनं बोलल्यामुळं जास्तच गुणी वाटला.

"अम्मा, भाऊ बरोबर बोलत्यात. गाडी लावायला जागा बी हुईल. पेरू आता कुठं तेवढा धरतोय?"

भाभी शेंगा फोडत होत्या. फोडलेली शेंग तशीच हातात धरून त्यांनी आधी मुलाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कोबा कशाला? घूस मी काढतो की."

आमच्याकडं बायकाही 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात, आणि भाभींच्या तोंडी ते जास्तच शोभतं.

"इख आणू का मग?" मी विचारलं.

"इख न्हाय. मेल्याली घूस माझं मांजर खाणार. मांजर मेलं की उंदरं तुमच्या माळ्यावर नाचणार. मग तुमी आनी शालूबाई, दोगं नवरा-बायकू बसा टाळ्या वाजवत. घरात बंदूक हाय की."

"आनी न्हाय गेली तर?"

"दसऱ्यापतोर घूस राहिली तर कोबा करा. तुमच्या गवंड्याला मी सोता च्या करून देतो."

असा शब्द गेला. भाभींचा शब्द म्हणजे काय हे गल्लीत कुणाला सांगायला नको. दिला की दिला.

आता बंदुकीचं सांगतो. ख्वाजाभाईंचा फुगे फोडायचा गाडा होता. जोतिबाची यात्रा, त्र्यंबोलीची जत्रा, गावोगावचे उरूस, आणि एरवी संध्याकाळी रंकाळ्यावर. मागं फळी, फळीवर रंगीत फुगे, पुढं छऱ्याची बंदूक. गिऱ्हाईक यायचं, मिशीला पीळ द्यायचं, नेम धरायचं आणि फुगा तसाच डुलत राहायचा. दोन-चार छरे वाया गेले की गिऱ्हाईक तापायचं. "बंदूक वाकडी हाय तुमची!" मग ख्वाजाभाई फक्त भाभींकडं बघायचे.

भाभी पदराला हात पुसायच्या, बंदूक घ्यायच्या, आणि फट, फट, फट. तीन फुगे. ओळीनं. बंदूक गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायच्या आणि म्हणायच्या, "बंदूक बरोबर हाय, पावणं."

गडी मान खाली घालून आणखी छरे मागायचा.

यातला एक गडी मी. नवीन लग्न झालेलं, शालूबाईला घेऊन त्र्यंबोलीला गेलतो. एक फुगा फुटेल तर शपथ. भाभींनी तीन फोडून दाखवले आणि 'पावणं' म्हणाल्या. पुढं आम्ही शेजारी राहायला आलो, नाती झाली, पण शालूबाईनं ती गोष्ट टाकली नाही. भाजीत मीठ जास्त झालं म्हणालो की ती म्हणणार, "तुमचा कुठला नेम कधी बरोबर लागलाय?"

एक मात्र खरं. गाड्यावर लहान पोरं आली की भाभी त्यांच्या मागं उभ्या राहायच्या आणि घोडा ओढायच्या वेळी पोराच्या कोपराला हळूच बोट लावायच्या. फुगा फुटायचा. पोराला वाटायचं आपणच फोडला. माझ्या कोपराला का नाही लावलं, असं मी एकदा विचारलं होतं. "तुमी लई फुशारकीत हुता," म्हणाल्या.

तर अशा या बाईनं श्रावणात परसात ठाणं मांडलं. दिवस कलताना मांजर घरात कोंडायचं, कोंबड्या डालायच्या, आणि पेरूखाली पालथ्या बादलीवर बसायचं. बीळ माझ्या भिंतीच्या पायथ्याला. नळी नेहमी खाली, मातीकडं. पाखरावर कधी रोखली नाही. एकदा पोपट समोर शेंगा उपटत होते आणि मी म्हणालो, "हाणा की!" तर असा डोळा वटारला की मीच उडून जायचा बाकी राहिलो. "पाखराला हात लावायचा न्हाय. कायदा बी हाय, आनी आमच्या मालकांची शिकवण बी हाय."

श्रावणात त्यांनी लहानमोठ्या बऱ्याच घुशी टिपल्या. छरा वाया नाही, कालवा नाही. राहिली ती एक थोरली. तिचे दात भाभींनी भुईमुगाच्या मुळावर बघितले होते आणि मी माझ्या विटेवर. ती लबाड होती, तोंड बाहेर काढून परत आत जायची. "येऊ दे," भाभी म्हणाल्या, "ती बी येतीय आनी मी बी कुठं जात न्हाय."

तेवढ्यात गणपती आले.

शालूबाईचं माहेर आजऱ्याकडचं. तिकडं गणपती बसला की दुसऱ्या दिवशी उंदराचा मान असतो. त्याला वेगळा नैवेद्य, तोही तिखटाचा. त्यामुळं देव घरात असताना देवाच्या वाहनाच्या जातीवर हात उचलायचा, हे तिला चालणार नव्हतं. तिनं भिंतीवरून सांगितलं, "मदिनाभाभी, गौरी-गणपती जाईस्तोवर बंदूक नको हं."

भाभींना गणपतीचं काय बंधन? पण त्यांनी एका शब्दानं वाद घातला नाही. "तुमचा देव, तुमचा पावणा. पाळतो की." आणि बंदूक कपाटावर ठेवली. थोरल्या घुशीला हे कुणी जाऊन सांगितलं कोण जाणे! तिनं त्या दिवसांत दोन सरी साफ केल्या आणि माझ्या भिंतीच्या बाजूला नवं दार काढलं. मी उंदराच्या नैवेद्याकडं बघून मनातल्या मनात जे म्हणालो ते इथं लिहिता येणार नाही.

बंदूक रिकामी पडलेली बघून तौसीफला उमाळा आला. आईनं एवढा शब्द दिलाय, बंदूक म्हातारी झालीय, जरा बघूया म्हणून तो ती मशीन शॉपमध्ये घेऊन गेला. परत आणली तेव्हा दस्ता पॉलिश केलेला, आतली स्प्रिंग नवी, सगळीकडं तेल. "नव्यावानी केलीय, अम्मा," म्हणाला. पोरानं इतक्या हौसेनं काही करावं आणि आईनं खूश होऊ नये, असं होतं का? भाभींनी बंदूक कुरवाळली, मुलाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

आणि त्या दिवसापासून त्यांचा नेम चुकायला लागला.

पहिल्या दिवशी वाटलं, सवय तुटली. दुसऱ्या दिवशी घूस चक्क बिळाच्या तोंडाशी बसून रताळं खात होती. भाभींनी नेम धरला, घोडा ओढला, आवाज झाला, घूस रताळ्यासकट आत. असं रोज चाललं. मी आमच्या मागच्या उंच पायरीवर बसून बघायचो. खोटं कशाला सांगू, पहिले दोन दिवस मला गंमत वाटली. आयुष्यभर दुसऱ्याचे नेम चुकताना बघून ज्यांनी 'पावणं' म्हटलं, त्यांचा चुकतोय म्हणून. नंतर मात्र बघवेना. भाभी चष्मा पदरानं पुसायच्या, परत घालायच्या, परत पुसायच्या. पितृपक्ष संपत आला तसं एका संध्याकाळी त्या बंदूक भिंतीला टेकवून उभ्या राहिल्या.

"आकारामभाऊ, डोळा गेला माझा."

"काय बोलताय भाभी?"

"गेला. बोलावून घ्या तुमचा गवंडी. शब्द म्हंजे शब्द."

असं म्हणून त्या पेरूकडं न बघता आत गेल्या. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि रात्री अर्धी भाकरी ताटात तशीच राहिली. शालूबाईनं त्या दिवशी भाजीत मीठच घातलं नव्हतं बहुतेक, पण मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंड्याला माप द्यायचं म्हणून मी टेप घेऊन भाभींच्या परसात शिरलो, आणि वाकून माझ्या भिंतीकडं बघितलं तर डोकंच फिरलं. नव्या गिलाव्यावर देवीच्या व्रणासारखा खड्डा! बिळाच्या वर, उजव्या हाताला, गिलाव्याचा टवका उडून आतली वीट दिसत होती.

"भाभी!" मी ओरडलो. "घूस मारायची ती मारायची सोडून माझी भिंत मारलीसा व्हय? आनी मारायची तर जरा पसरून तरी मारायची, एकाच जागी सगळे छरे? भोक पडलंय इथं! रुपाया झाकंल एवढ्या जागंत!"

भाभी आतून आल्या. "काय म्हणालासा?"

"भोक पडलंय."

"त्येच्या आदी."

"एकाच जागी सगळे छरे, म्हणालो."

त्या भिंतीजवळ आल्या. वाकल्या. टवक्यावर बोट ठेवलं, मग ते बोट बिळापर्यंत तिरकं खाली आणलं, परत वर नेलं. एक वीत. वर आणि उजवीकडं. आणि मग ती बाई हसायला लागली. अशी हसली की कोंबड्या पळाल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि ते काही नुसतं हसण्याचं नव्हतं.

"डोळा न्हाय गेला, भाऊ. डोळा हाय तितंच हाय. माझ्या पोरानं बंदूक सरळ केली!"

"सरळ केली म्हणजे?"

"म्हंजे ती वाकडी हुती."

मी टेप खाली ठेवला. एसटीत असताना बिनतिकिटाचा माणूस सापडल्यावर जसा चढायचा तसा पारा चढला.

"वाकडी हुती? त्र्यंबोलीला बी?"

"तवा बी. आमचे मालक ह्या बेचक्यात घालून नळी वाकवायचे." त्यांनी पेरूच्या दोन फांद्या फुटतात तिथं हात ठेवला. तिथली साल घासून घासून गुळगुळीत झाली होती; इतकी वर्षं मला वाटायचं पोरं चढतात म्हणून. "सरळ बंदुकीवर फळीवर फुगा राहत न्हवता आनी आमच्या घरात भाकरी. छरा खाली-डावीकडं जायचा. म्हणून मी वर-उजवीकडं धरायचो. ते कुणाला ठावं? मालकांना आनी मला."

"आनी आमास्नी म्हणायचासा, बंदूक बरोबर हाय!"

"माझ्या हातात बरोबरच हुती की," भाभी म्हणाल्या.

इतक्या वर्षांची माझी अब्रू त्या बेचक्यात अडकली होती. मी भांडणार होतो, चांगलं भांडणार होतो. पण भाभींनी तोवर आतून बंदूक आणली होती. नळी बेचक्यात घातली, दस्ता दोन्ही हातांनी धरला, आणि ओढायच्या आधी थांबल्या.

"आता सरळच हाय तर सरळच धरा की!" मी म्हणालो.

"सरळ धरली तरी काय हुतंय? घोडा ओढताना डोळा आपसूक तिकडं सरकतोय. मालकांनी जिकडं वाकवली तिकडं माझा डोळा बसलाय. ह्या वयात त्येला कुठं नवी वाट दावू?"

त्यांनी अंगाचा भार दिला. फांदी कुरकुरली. नळी डोळ्याशी धरून त्यांनी आरपार बघितलं, परत बेचक्यात घालून जरासं दाबलं, परत बघितलं. ख्वाजाभाई असंच करत असणार. मी तिथं परका असल्यासारखा दोन पावलं मागं सरलो.

त्या संध्याकाळी मी पायरीवर बसलो नाही, भिंतीला टेकूनच उभा राहिलो. शालूबाईही आली. थोरली घूस ऐटीत बाहेर आली, मिशा हलवल्या, आणि भुईमुगाकडं निघाली. एकच आवाज झाला. ती जागच्या जागी आडवी झाली, हललीसुद्धा नाही. भाभींनी बंदूक खाली ठेवली, कानाच्या पाळीला हात लावून काहीतरी पुटपुटल्या, आणि लगेच मला म्हणाल्या, "बिळात घालायला दगड आनी काचा आणा. नुसतं बघत काय उभारलाय?"

आणल्या. घातल्या. वरून चुना ठोकून बसवला. पुढचे दिवस बिळाची माती हलली नाही. गवंड्याला मी सांगितलं, तुझी गरज नाही. तो का म्हणून विचारत राहिला, पण सगळ्यांना सगळं सांगायचं नसतं.

शालूबाईला मात्र मी विजयी चेहऱ्यानं सांगितलं, "बंदूक वाकडी हुती, कळलं का? माझा नेम बरोबरच हुता!"

ती भाकरी थापत होती. "सरळ असती तरी तुमच्यानं फुटला नसता," म्हणाली.

खंडेनवमी आली. तौसीफच्या शॉपमध्ये त्या दिवशी सगळ्या मशीनला झेंडूच्या माळा असतात, पेढे असतात, अर्ध्या दिवसानं सुट्टी. तो उरलेला झेंडू घेऊन घरी आला. शालूबाईनं आमच्या पूजेत विळी-कोयता मांडला होता, तिनं भिंतीवरून हाक मारली, "भाभी, यंदा तुमची बंदूक द्या पूजेला. तिनंच पराक्रम केलाय."

तौसीफ बंदूक घेऊन परसातून आमच्याकडं यायला निघाला. आणि फिटरची सवय ती काय जाते? चालता चालता त्यानं नळी डोळ्याशी धरली. पेरूखाली थांबला. फिरवून परत बघितलं. मी भिंतीच्या अलीकडं होतो. मला वाटलं, आता आली पंचाईत. पोरानं हौसेनं केलेलं काम आईनं मोडलं, हे त्याला कसं लागेल कुणास ठाऊक.

"अम्मा," तो म्हणाला. "ही वाकली परत. मी सरळ केल्याली."

भाभी मोगऱ्याला पाणी घालत होत्या. आयुष्यभर हजारो गिऱ्हाइकांनी त्यांना हेच विचारलं होतं आणि त्यांच्याकडं एकच उत्तर होतं. ते त्यांनी दिलं नाही. तांब्या खाली ठेवला.

"मीच वाकवली."

"का? मी दिवसभर खपलो तिच्यापायी. सुताभर फरक ठेवला न्हवता."

"काम झ्याक केल्यालंस. पण बेटा, तुझ्या अब्बाच्या हातचं आता माझ्याजवळ काय हाय? गाडा मोडला. कपडे देऊन टाकले. हे झाड हाय आनी हे वाकडंपण हाय. तेवढं सरळ करू नको."

तौसीफ बंदुकीकडं बघत राहिला, मग बेचक्याकडं. त्याचं लक्ष त्या गुळगुळीत सालीवर गेलं असावं, कारण त्यानं तिथं हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मला उगीचच नाक शिंकरावं लागलं.

मग त्यानं बिळाच्या जागी, चुन्यावर, एक रिकामा डबा ठेवला. पेरूखाली पालथ्या बादलीवर बसला, छरा भरला, नेम धरला. छरा मातीत. दुसरा भरला. तोही मातीत.

"वाकडी हाय की गं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा ओला होता.

भाभी त्याच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. त्यानं तिसऱ्यांदा नेम धरला आणि घोड्यावर बोट ठेवलं. भाभींनी त्याच्या कोपराला हळूच बोट लावलं.

डबा खणकन उडाला.

"बंदूक बरोबर हाय, पावणं," भाभी म्हणाल्या.